झाडूची पाळी

समाजवाद मला पुस्तकानं शिकवला नाही. भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमधल्या संडासानं शिकवला. हे वाचून ज्यानं नाक मुरडलं असेल त्यानं पुढं वाचायची गरज नाही. ज्यानं आयुष्यात एकदा तरी पोटासाठी दुसऱ्याचा संडास धुतलाय, त्याला मी काय म्हणतो ते बरोबर कळेल.

साल एकोणऐंशी. आम्ही ज्या वर्कशॉपात कामाला होतो ते मालकानं एका सोमवारी बंद केलं आणि तो सुरतेला निघून गेला. दीड वर्ष कोर्टात हेलपाटे घातल्यावर लोखंड कातायचे तीन जुने लेथ, एक ड्रिल आणि एक ग्राइंडर एवढं आमच्या पदरात पडलं. माणसं उरली नऊ. बाकीचे कंटाळून दुसरीकडं लागले. नऊ जणांनी सोसायटी काढली. मालक कुणी नाही, पगार सगळ्यांना सारखा. चिंचवडमधल्या लोकांनी पैजा लावल्या की हे तीन महिन्यांत एकमेकांच्या उरावर बसतील.

माझं नाव साहेबराव. आईनं हौसेनं ठेवलं. परांड्याकडून बहात्तरच्या दुष्काळात इकडं आलो तेव्हा वर्कशॉपच्या रजिस्टरात हेल्पर म्हणून नाव लागलं. फोरमननं जात विचारली नाही, फक्त कुठल्या वस्तीत राहतो ते विचारलं, आणि त्याला पाहिजे ते कळलं. दुसऱ्या दिवशी हातात झाडू आणि बादली. सहा वर्षं तेच. "ए साहेब, संडास तुंबलाय," अशी हाक आली की सगळे हसायचे. आता हसणाऱ्यांतलेच काही माझ्याबरोबर सोसायटीत होते. मी विसरलो नव्हतो. मी असलं काही विसरत नाही.

पहिली सभा एका रविवारी झाली. अण्णासाहेब आले. ते पिंपरीच्या एका सरकारी कारखान्यात क्लार्क, रविवारी कामगारांचे अभ्यासवर्ग घ्यायचे. आमची कागदपत्रं त्यांनीच फुकट करून दिली होती. माणूस सज्जन. पण सज्जन माणसाला बोलायला फळा दिला की वेळेचं भान राहत नाही. त्यांनी खडूनं चार रकाने आखले.

"समाजवाद एकच नसतो," अण्णासाहेब म्हणाले. "एक सरकारी. कारखाना सरकारचा, म्हणजे जनतेचा. मी आहे तो कारखाना तसाच."

छबूबाई आमच्यातली एकटी बाई. वय पन्नाशीच्या पुढं, माल घासून तेल लावून पेटीत भरायची. तिनं पदर खोचत विचारलं, "जनतेचा हाय, तर मग जनतेला गेटावर वॉचमन का अडवतो?"

अण्णासाहेब हसले. "दुसरा क्रांतीचा. कामगार एका दणक्यात सगळं ताब्यात घेतात."

"आणि घेतलेलं सांभाळतं कोण?" मी विचारलं.

"पक्ष."

"म्हणजे परत कुणीतरी साहेबच."

"तिसरा मतपेटीचा. कायदे करत करत, हळूहळू."

"लई हळू हो, अण्णा," ज्ञानदेव म्हणाला. हा आमच्यातला आळशी माणूस, त्याच्याकडं मी पुढं येतोच. "माझं लगीन झालं तवापासनं येतोय म्हणत्यात."

"चौथा सहकारी. हा आपला."

आता कोंडीराम बोलला. कोंडीराम मोशीचा, घरची शेती इंद्रायणीकाठी, पण भावकीत दहा जणांत वाटून उरलेले चार वाफे. वीस वर्षं लेथवर. लोखंडावरून नखं फिरवून किती कमी-जास्त आहे ते सांगायचा आणि मागनं मोजलं तर तेवढंच निघायचं. बोलायचा कमी.

"सहकारी म्हंजी आमच्या गावच्या सोसायटीवानी का?" तो म्हणाला. "तितं चेरमनचा मेव्हना शेक्रेटरी हाय, आन् शेक्रेटरीचा साडू चेरमन."

सगळे खदखदून हसले. अण्णासाहेब पण हसले, आणि मग फळ्यावर फायदे-तोटे लिहायला लागले. फायदे : कुणी कुणाला लुटत नाही, नोकरीची भीती नाही, निर्णय सगळ्यांचा. तोटे : निर्णयाला वेळ लागतो, काम न करणाऱ्यालाही तेवढंच मिळतं, सगळ्यांचं ते कुणाचंच नाही असं होऊन बसतं. ज्ञानदेव दुसऱ्या तोट्याकडं मोठ्या प्रेमानं बघत होता.

तेवढ्यात छबूबाई म्हणाली, "ह्या सगळ्यात संडास कोण धुनार, ते कुठं लिव्हलंय?"

 आणि मग आठ माणसांच्या माना हळूच माझ्याकडं वळल्या. बोलायची गरजच नव्हती. सहा वर्षांची सवय होती ती. अण्णासाहेबांची मानसुद्धा वळली, आणि त्यांच्या लक्षात आल्यावर बिचारे खडूकडं बघायला लागले.

मी उभा राहिलो. मला राग आला की माझे कान गरम होतात. "लिहा," मी म्हणालो. "या सोसायटीत प्रत्येक काम प्रत्येकजण पाळीनं करणार. पंधरा-पंधरा दिवस. झाडू, संडास, चहा, पॅकिंग, चेअरमनकी, सगळं. भिंतीवर तक्ता लावा."

"आन् लेथ?" कोंडीरामनं विचारलं.

इथं मी थांबायला पाहिजे होतं. पण कान गरम होते. "लेथ पण. का, लेथ काय तुझ्या बापाचा आहे?"

कोंडीरामनं माझ्याकडं एकदा बघितलं. "न्हाई," तो म्हणाला. "माज्या बापाचा न्हाई." आणि हात वर केला. ठराव एकमतानं पास झाला. ज्ञानदेवाचा हात डुलकी लागलेली असतानासुद्धा वर होता.

आता खरं सांगतो, ते पहिले दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. छबूबाई पंधरा दिवस चेअरमन होती. ट्रान्सपोर्टवाला माल न्यायला आला आणि "चेअरमनसाहेब कुठायत" म्हणाला, तर ही तेलाचे हात पदराला पुसत पुढं आली आणि म्हणाली, "बोल." त्यानं तिच्याकडं बघितलं, मागं कुणी पुरुष उभा आहे का तेही बघितलं, आणि मग निमूट कागद पुढं केला. तिनं अंगठा नाही दिला, सही केली. चार दिवस सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर गिरवून शिकली होती. त्या दिवशी तिनं सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं भजी खाऊ घातली. कुठल्या सरकारनं, कुठल्या क्रांतीनं छबूबाईला "बोल" म्हणायला लावलं असतं ते मला सांगा.

पाचव्या पाळीला तक्त्यावर माझ्या नावापुढं लेथ आला. आणि त्याच पाळीला कोंडीरामच्या नावापुढं झाडू.

आम्हाला एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं होतं. लोखंडी पिना, बोटाएवढ्या, पाचशे. तीन लेथांपैकी नेमकं काम देणारा लेथ एकच, त्यामुळं पिना त्याच्यावरच. कंपनीनं तपासायला एक गेज दिलेलं. गेज म्हणजे दोन खाचा : एका खाचेत पीन गेलीच पाहिजे, दुसरीत जाता कामा नये. दुसरीतही गेली तर पीन बारीक झाली, फेकून द्या. एवढं सोपं. मला लेथ अगदीच येत नव्हता असं नाही. सहा वर्षं झाडू मारताना मी कोंडीरामचे हात चोरून बघत आलो होतो.

कोंडीराम झाडू मारायचा ते सांगतो. पहिल्या दिवशी आला तो तोंडाला टॉवेल गुंडाळून, डोळे तेवढे उघडे. दार आतून लावून संडास धुतला. असा धुतला की भांडं चमकत होतं. त्याच्या हातात वाईट काम होतच नाही. तिसऱ्या दिवशी मोशीहून त्याचा मेव्हणा सायकलवरून आला, पोराच्या जावळाचं आमंत्रण घेऊन. कोंडीरामनं त्याला लांबून बघितलं आणि बादलीसकट शेडच्या मागं पळाला. मेव्हणा विचारतोय, "दाजी कुठंयत?" छबूबाई गंभीर तोंड करून म्हणाली, "मीटिंगला गेल्यात." मीटिंग मागच्या गवतात चालली होती. आम्ही पोट धरून हसलो. मी जरा जास्तच हसलो. सहा वर्षांचं हसणं होतं ते.

कोंडीराम हसला नाही. त्या दिवसापासून माझ्याशी बोललाही नाही.

मी लेथवर जोरात होतो. पीन काढली की लगेच गेजात घालून बघायचो. पहिल्या खाचेत गेली, दुसरीत नाही. झकास. पेटीत. पुढची. कोंडीराम झाडू मारत माझ्यामागून जायचा, क्षणभर थांबायचा, पुढं जायचा. मला वाटायचं, जळतोय. त्याला विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. सगळे सारखे, तर मग विचारायचं कशाला?

शनिवारी पाचशे पिना गेल्या. सोमवारी पाचशे परत आल्या. कंपनीतला तपासनीस रंगराव टेम्पोबरोबर स्वतः आला होता, भला माणूस, नाहीतर नुसती चिठ्ठी पाठवली असती. त्यानं आमच्यासमोर एक पीन गेजात घातली. पहिल्या खाचेतून गेली. दुसरीतूनही सळकन गेली. दुसरी पीन, तेच. दहावी, तेच.

"केसाएवढ्या बारीक आहेत सगळ्या," रंगराव म्हणाला. "साहेब लोक मुळातच म्हणत होते, बिनमालकाच्या दुकानाला काम देऊ नका. मी शब्द टाकला होता. आता शनिवारपर्यंत नव्या पाचशे द्या. नाहीतर माझ्याच्यानं पुढं काही होणार नाही."

दुसरं काम हातात नव्हतं. शनिवार चुकला तर शेड बंद, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"अहो, पण मी मोजल्या होत्या!" मी ओरडलो. "एकन् एक!"

"गरम असताना मोजल्यास," मागून कोंडीराम म्हणाला. आठ दिवसांत पहिल्यांदा बोलला. "लेथवरनं उतरल्याली पीन गरम असती. गरम लोखंड फुगतंय. पान्यात टाकायची, गार हुस्तवर थांबायचं, मग गेज लावायचं. गार झाल्यावर ती बारीक हुती."

"तुला दिसत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीस?"

"पाळी तुजी व्हती. लेथ माज्या बापाचा न्हाई."

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत सभा बसली. अण्णासाहेब रजा टाकून आले. चार लोकांचं म्हणणं होतं, तक्ता फाडा. ज्याला जे येतं त्यानं ते कायमचं करावं. कोंडीराम लेथवर.

"आणि झाडू?" छबूबाईनं विचारलं.

ज्ञानदेव बिडी विझवत म्हणाला, "आता साहेबरावाला सवय हाय त्याची. वाईट वाटून घेऊ नको, भावा. ज्यात जो पक्का."

"ज्यात जो पक्का?" मी उठलो. "मग तू कशात पक्का आहेस रे? झोपण्यात? तुझ्यासाठी खाट मागवू? सहा वर्षं मी तुमची घाण काढली ती मी पक्का होतो म्हणून नाही, भडव्यांनो, मी कुठल्या वस्तीतून येतो ते फोरमनला माहीत होतं म्हणून. तक्ता फाडायचा असेल तर फाडा. झाडू परत माझ्याकडं आला तर मी या शेडमध्ये थांबणार नाही. उपाशी मरेन, पण थांबणार नाही."

अण्णासाहेब मध्ये पडले. तत्त्व मोडू नका म्हणाले. आज लेथची पाळी मोडली तर उद्या चेअरमनकीची मोडेल, आणि परवा मालक तयार होईल. त्यांचं चुकलेलं नव्हतं. पण लेथवर तत्त्व चढवलं तर पिना निघत नाहीत, हेही पाचशे वेळा सिद्ध झालेलं. मी हे जाणत होतो आणि तरी कबूल केलं नाही. कारण लेथ कोंडीरामला दिला की झाडू कुठं जाणार ते मला दिसत होतं.

कोंडीराम एका बाजूला ड्रमवर बसला होता. मग तो म्हणाला, "मी काल सांच्याला चिंचवडला जाऊन आलो. एका वर्कशॉपात. मालकानं बोलवलं व्हतं."

 आपला लेथवाला चालला, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसलं.

"दीडपट देतो म्हनला. लेथ नवा, जर्मन. मशीन पुसायला येगळा मानूस. म्या त्यो मानूस बगितला. झाडू घिऊन उबा व्हता, दाराजवळ. भाकर बी थितंच खात व्हता, दाराजवळ. म्या मालकाला इचारलं, ह्याचं नाव काय वो? मालक म्हनला, कुनाला ठावं, आमी 'ए' म्हनतो."

त्यानं खांद्यावरच्या टॉवेलानं कपाळ पुसलं. त्याला एवढं बोलायची सवय नव्हती.

"म्हंजी तितं बी एक सायबराव व्हता. त्याला 'ए' म्हनत्यात आन् आमी 'साहेब' म्हनून हसत व्हतो, येवडाच फरक." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तू पीन गरम असताना मोजतुयास हे मला पयल्या दिशीच दिसलं. बोललो न्हाई. टावेलात तोंड लपवून सूड घेतला. पाचशे पिनांचं लोखंड फुकट घालवलं म्या. तू न्हाई."

"मी विचारलं नाही," मी म्हणालो. हे शब्द तोंडातून काढायला मला दात उपटल्यासारखं झालं.

"आता ऐका," कोंडीराम उठला. "झाडायला न् संडास धुयाला मला धा दिसांत कळलं की ईस मिंटं लागत्यात. ते कुनालाबी येतं. पीन करायला ईस वर्सं लागली. जे कुनालाबी येतं ते पाळीनंच. कुनीबी सुटनार न्हाई, मी न्हाई आन् ह्यो बिडीवाला बी न्हाई. जे येत न्हाई ते ज्याला येतं त्यानं करावं, पन येकट्यानं न्हाई. शेजारी येक जन उबा करून, शिकवत."

"आणि शिकवलं नाही तर?" छबूबाई म्हणाली.

"तर त्याला आजन्म संडास."

मग त्यानं विचारलं, "पाळी अजून माजीच हाय न्हवं? झाडू कुठं ठेवला?" आणि गेला. टॉवेल खांद्यावरच होता, तोंडाला नव्हता. दार उघडं ठेवून संडास धुतला त्यानं. वीस मिनिटं. हात साबणानं धुऊन लेथवर आला, मला म्हणाला, "हिकडं उबा ऱ्हा. डाव्या बाजूला. पान्याचा डबा घे."

मला रडूबिडू आलं नाही. राग आला, स्वतःचा. मी ओरडत होतो ते सगळं खरं होतं, पण लेथवरून उतरलेल्या पिनेसारखं गरमागरम.

छबूबाई माल पुसता पुसता म्हणाली, "साहेबराव, तुला बी जरा पान्यात बुडवून मोजत जावं लागंल."

चार दिवस लेथ थांबला नाही. कोंडीराम काढायचा, मी पाण्यात टाकायचो, गार झाल्यावर गेज लावायचो. गुरुवारपासून त्यानं मला दर दहावी पीन काढायला दिली. पहिल्या तीन फेकल्या. चौथी गेजाच्या पहिल्या खाचेत गेली आणि दुसऱ्या खाचेच्या तोंडावर अशी थांबली जशी काही बोलावल्याशिवाय घरात येत नाही. कोंडीरामनं नख फिरवलं. "हां," एवढंच म्हणाला. त्या 'हां'वर मी आजही जगू शकतो.

शनिवारी रंगरावनं पेटीतून मूठभर पिना काढल्या. एक एक गेजात घातली. मूठ संपली तेव्हा पेटी बंद केली आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यात हजार."

अण्णासाहेबांनी नंतर फळ्यावर पाचवा रकाना आखला. त्याला काय नाव द्यायचं ते मात्र त्यांना सुचेना. मी म्हणालो, राहू द्या मोकळा, खडू वाचेल.

आता ब्याऐंशी साल चालू आहे. शेड आहे. आम्ही अकरा झालोय. सगळं गोड झालं असं लिहिणार नाही, मला खोटं लिहिता येत नाही. ज्ञानदेवाला अजून सारखाच पगार मिळतो आणि तो अजून निम्मंच काम करतो. त्याच्यावर आत्तापर्यंत सात सभा झाल्या. सातही सभांत त्यानं आमच्या बाजूनं मत दिलं आणि पुढं काही बदललं नाही. नवं ड्रिल घ्यायचं का याच्यावर आम्ही पाच महिने भांडलो, तोवर ड्रिल महाग झालं. मालकानं एका मिनिटात ठरवलं असतं. पण मालकानं एका मिनिटात दुकान बंद करून सुरतही गाठली होती. अकरा जणांना मिळून सुरतेला पळता येत नाही. तेवढं एकमत आमच्यात कधी होणारच नाही.

मी आता त्या नेमक्या लेथवर असतो, आणि माझ्या डाव्या बाजूला छबूबाईची सून कौशल्याबाई पाण्याचा डबा घेऊन उभी असते. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मी तिला सांगितलेलं नाही, पण तिला कळलंय.

मागच्या महिन्यात मोशीहून कोंडीरामचा तोच मेव्हणा आला. आता सायकल नाही, मोपेड. कोंडीरामची पाळी होती. तो संडासातून बादली घेऊन बाहेर पडला आणि दोघे समोरासमोर आले. शेडमधली सगळी मशीनं चालू होती, पण मला वाटतं, सगळ्यांचे कान तिकडं होते.

मेव्हण्यानं बादली बघितली. मग दाजींकडं बघितलं.

"थांबा पाव्हनं, धा मिंटं," कोंडीराम म्हणाला. "माजी पाळी हाय. तंवर त्या आमच्या सायबरावाकडं बसा, च्या पाजतील. आज च्याची पाळी त्यांची हाय."

मी लेथ कौशल्याबाईच्या हाती दिला आणि स्टोव्ह पेटवायला गेलो.